आपोआप उघडणारं तुडुम

उमराव पुस्तोडे यांची गाडी कोहमाऱ्याला चहा प्यायला थांबते, असं त्यांच्या गावात म्हणतात. गाडी पांढरी, आठशे सीसीची, चौदा वर्षं जुनी. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या या गावातून ती गोरेगावच्या दिशेने निघाली, की नवेगावबांधपर्यंत नीट जाते. पुढे जंगलाचा रस्ता लागतो आणि कोहमाऱ्याचा चौक यायच्या थोडं आधी बोनेटखालून वाफ निघू लागते. तीन वर्षांत ती पाच वेळा निघाली. पाचही वेळा उकळली. गोरेगाव तिने अजून पाहिलेलं नव्हतं.

गोरेगावला उमरावभाऊंची मुलगी चेतना दिलेली आहे.

उमरावभाऊ एकसष्ट वर्षांचे. घरचा धान पाच एकर. पण गावात त्यांची ओळख शेतकरी म्हणून नाही, पाणकर म्हणून आहे. इथले तलाव कोहळी समाजाने बांधले, आणि तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कधी आणि किती वेळ जाईल हे ठरवणारा माणूस गाव नेमतं, तो पाणकर. उमरावभाऊंचे वडील पाणकर होते, गेली एकतीस वर्षं ते स्वतः आहेत. तलावाच्या पाळीत, त्या मातीच्या बंधाऱ्यात, पाणी सोडायचं जे दार असतं, त्याला तुडुम म्हणतात. ते उमरावभाऊ उघडतात आणि उमरावभाऊच बंद करतात. दुसऱ्या कोणी हात लावला तर गावात भांडण होतं. पाट कुठे पाझरतो, कोणत्या बांधीची धुरी, तिच्या कडेचा बांध, रात्रीतून कोणी फोडली, हे त्यांना नुसतं चालत गेल्यावर कळतं. पाण्याच्या बाबतीत त्यांचा शब्द अजून कोणी खोडलेला नाही.

त्यामुळे स्वतःच्या अंगणात उभ्या असलेल्या गाडीतलं चार लिटर पाणी त्यांचं ऐकत नाही, हे त्यांना फार लागलं होतं.

गाडी घेतली ती सुमित्राबाईंच्या गुडघ्यांसाठी. सुमित्राबाई म्हणजे त्यांच्या पत्नी. चार वर्षांपूर्वी त्यांचे दोन्ही गुडघे आखडले. एसटीची पायरी चढवत नाही, मोटरसायकलवर पाय टाकून बसवत नाही. बदली होऊन निघालेल्या एका मास्तरांकडून उमरावभाऊंनी ही गाडी घेतली, महिनाभरात चालवायला शिकले, आणि पहिल्याच आठवड्यात तिच्यातलं पाणी काढून टाकलं. मास्तर नळाचं पाणी घालायचे. उमरावभाऊंनी स्वच्छ धुतलेल्या डब्यातून तलावाचं पाणी आणलं.

"आपल्या तलावाचं पाणी पेऊन तीन पिढ्या जगल्या," ते म्हणाले होते. "इंजन काय मरते?"

इंजिन मेलं नाही. तलावाच्या पाण्यातला बारीक गाळ रेडिएटरच्या नळ्यांमध्ये बसत गेला. थंडीत ते कळलं नाही. एप्रिलमध्ये चेतनाच्या नव्या घराची वास्तू होती. सुमित्राबाई नवं लुगडं नेसून, मांडीवर आहेराचं ताट घेऊन पुढच्या सीटवर बसल्या. कोहमाऱ्याच्या अलीकडे गाडी उकळली. तीन तास त्या मोहाच्या झाडाखाली एका दगडावर बसून होत्या. शेवटी गावातून केवळराम ट्रॅक्टर घेऊन आला. केवळराम हा त्यांचा शेजारी, ट्रॅक्टर आणि पंप दुरुस्त करतो. त्याने गाडीला दोर बांधला. सुमित्राबाईंना ट्रॅक्टरवर चढता येईना, म्हणून त्या गाडीतच बसल्या. ओढल्या जाणाऱ्या गाडीत, पुढच्या सीटवर, मांडीवर ताट. वाटेतल्या प्रत्येक गावाने ते पाहिलं.

वास्तू त्यांच्याविना झाली. त्याला दोन वर्षं होऊन गेली. ते घर सुमित्राबाईंनी आजवर फक्त मोबाइलवर पाहिलं होतं. चेतना इकडे येऊन जायची. जावई अश्विन दर वेळी म्हणायचे, की तिकडून भाड्याची गाडी पाठवतो, सासूबाईंना आरामात आणतो. उमरावभाऊंचं उत्तर ठरलेलं होतं.

"घरी गाडी असताना भाड्याची कायले?"

त्या ओढाताणीनंतर उमरावभाऊंनी ठरवलं, की गाडी मेकॅनिककडे न्यायची नाही, स्वतः दुरुस्त करायची. मेकॅनिकने काय केलं ते आपल्याला समजत नाही, आणि जे समजत नाही त्यावर भरवसा ठेवता येत नाही, असा त्यांचा हिशेब होता. बैलगाडी ठेवायच्या टिनाच्या छपराखाली गाडी उभी राहिली. अर्जुनीहून पान्ह्यांचा एक संच आला. रेडिएटर उतरवला, तेव्हा त्यातून तांबडा चिखल निघाला. तो चिखल त्यांनी बोटाने चोळून पाहिला. आपल्याच तलावाचा गाळ त्यांना ओळखू आला.

पुढची दोन वर्षं त्या छपराखाली काय काय झालं याची यादी लांब आहे. रेडिएटर धुतला. तरी उकळली. झाकण बदललं. तरी उकळली. पंखा वेळेवर फिरत नाही अशी शंका आली, म्हणून त्याची वायर थेट बॅटरीला जोडली. पंखा चावी लावल्यापासून फिरू लागला, बॅटरी उतरू लागली, गाडी उकळायची ती उकळलीच. पाण्याचा पंप बदलायला घेतला, तर एक बोल्ट आत तुटला. तो काढण्यात आठ दिवस गेले आणि उजव्या हाताच्या तीन बोटांची सालं. गोंदियाच्या भंगारातून दुसरा रेडिएटर आणला. त्याची भोकं बसेनात, म्हणून पट्ट्या ठोकून बसवला. प्रत्येक वेळी गाडी अर्जुनीला जाऊन यायची, तापमानाचा काटा मधोमध राहायचा, उमरावभाऊ समाधानाने हात धुवायचे. मग लांबच्या वाटेला लागली, की कोहमाऱ्याच्या आधी वाफ.

येणारा-जाणारा छपराजवळ थांबायचा. दुधराम नावाचे एक म्हातारे शेतकरी होते, त्यांची बांधी पाटाच्या अगदी शेवटी, टेलला. त्यांना पाणी नेहमी उशिरा मिळायचं, आणि त्याचा राग त्यांनी जपून ठेवला होता.

"काय जी उमराव, तुमच्या गाडीले पाण्याची पाळी कवा हाय?" ते विचारायचे. "का तिचीबी बांधी टेललाच हाय?"

उमरावभाऊ पान्हा आणखी आवळायचे.

या वर्षी लवकर येणारा हलका धान कापून झाला, उशिराचा भारी धान अजून उभा होता. तुडुम बंद झालं होतं, पाणकराला काम नव्हतं. दिवाळी झाली की या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. ज्या गावची मंडई, त्या गावात सगळे सोयरे जमतात. चेतनाकडची मंडई भाऊबीजेनंतर सहाव्या दिवशी होती. फोन आला, तेव्हा सुमित्राबाई तांदूळ निवडत होत्या. बोलणं झालं, फोन ठेवला, आणि त्यांनी छपराखालच्या पायांकडे पाहून सांगितलं. नवऱ्याचे पाय तेवढे गाडीखालून बाहेर दिसत होते.

"ऐकता का जी? औंदा मंडईले मी जाणार म्हणजे जाणार. तुमच्या गाडीत नाहीतर भाड्याच्या. भाड्याच्या गाडीत जावं लागलं, तर परत आल्यावर हा डबा मले अंगणात दिसला नाही पाहिजे. भंगारवाला बिसराम दर बुधवारी येते."

गाडीखालून पान्हा पडल्याचा आवाज आला.

"आणि अजून एक," त्या म्हणाल्या. "मी बसण्याच्या आधी एकदा कोहमाऱ्यापर्यंत जाऊन या. बोनेट न उघडता. केवळरामले संग न्या. तो खोटं बोलत नाही."

"मी बोलतो का खोटं?"

"तुम्ही बोलत नाही. पण तुम्ही दर खेपी म्हणता, झाली आता गाडी."

हातात पाच दिवस होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी केवळराम आला. त्याने आजवर या गाडीला हात लावला नव्हता, कारण उमरावभाऊंनी लावू दिला नव्हता. या वेळी त्यांनी स्वतःच त्याला हाक मारली होती, आणि ते त्यांना जड गेलं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. केवळरामने गाडी सुरू करायला लावली, बोनेटमध्ये डोकं घातलं, दोन्ही रबरी नळ्यांना आळीपाळीने हात लावला. मग वरची नळी इंजिनाला मिळते तिथल्या धातूच्या गोल घरावर बोट ठेवलं.

"उमरावभाऊ, यातला वॉल्व्ह कुठे हाय?"

"काढला."

"कवा?"

"पहिल्या वर्षीच. जाम झाला होता."

हा वॉल्व्ह म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिन थंड असतं तोवर तो बंद राहतो, म्हणजे पाणी इंजिनातल्या इंजिनातच फिरतं आणि इंजिन लवकर तापतं. पुरेसं तापलं की वॉल्व्ह उघडतो, पाण्याला रेडिएटरची लांब वाट देतो, आणि त्याच वेळी जवळची वाट झाकतो. हे करायला माणूस लागत नाही. आत मेण असतं, ते तापलं की फुगतं आणि दार ढकलतं. गाडीतला हा वॉल्व्ह गाळाने खरंच अडकला होता. उमरावभाऊंनी नवा न घेता जागा मोकळी सोडली.

"जाम झाला तर दुसरा टाकाचा ना भाऊ."

"दुसरा कायले? पाण्याच्या वाटेत दार ठेवलं, पण दाराशी माणूस नाही. मेणाच्या भरवशावर? आपलं तुडुम कोणी मेणाच्या भरवशावर ठेवते का? काढून टाकलं. आता पाणी मोकळं फिरून राहिलं. मोकळं पाणी जास्त थंड करल का अडवलेलं?"

"भाऊ, ते तसं नसते. जवळची वाट उघडी राहिली, का पाणी रेडिएटरकडे कमी जाते. जवळूनच फिरून येते."

"अरे, दोन्ही वाटा उघड्या असल्या तर दोन्हीकडून जाईल ना पाणी!"

केवळरामने पुन्हा सांगितलं. उमरावभाऊंनी पुन्हा खोडलं. केवळरामने जमिनीवर काडीने चित्र काढलं. उमरावभाऊंनी त्याच चित्रात दुसरी रेघ काढून तो कसा चुकतोय ते दाखवलं. आवाज चढला. केवळराम ट्रॅक्टरचा माणूस, त्याला पाण्यातलं काय कळतं, असंही एक वाक्य निघालं. केवळरामने काडी फेकली.

"मंग तुम्हीच पाहा भाऊ. मी चाललो."

ओसरीत सुमित्राबाई भिंतीला टेकून, पाय लांब करून बसल्या होत्या. गुडघ्याला तेल लावणं चाललं होतं. त्यांनी मान वर केली नाही.

"सगळे नाके उघडे ठेवले, तर टेलच्या बांधीले पाणी पोचते का जी?"

अंगणातून निघालेला केवळराम थांबला.

हे वाक्य सुमित्राबाईंचं नव्हतं. ते उमरावभाऊंचं होतं. एकतीस वर्षं दर पावसाळ्यात, याच ओसरीत बसून, भांडायला आलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला त्यांनी ते ऐकवलं होतं. पाटाचे सगळे नाके, म्हणजे बांधीत पाणी शिरायच्या वाटा, एकदम उघडले, तर पाणी जवळच्या बांध्यांतच शिरतं. शेवटच्या बांधीला पाणी न्यायचं असेल, तर वरचे नाके बंद करावे लागतात. दुधरामचा सगळा राग याच गोष्टीवरून होता. रेडिएटर ही या गाडीतली टेलची बांधी होती, आणि तिचा पाणकर उमरावभाऊंनी स्वतःच्या हाताने काढून टाकला होता.

केवळराम हसला नाही, एवढं त्याचं मोठेपण. उमरावभाऊ त्या जमिनीवरच्या चित्राकडे पाहत राहिले. मग चप्पल घातली आणि तलावाकडे चालू लागले. जेवायला आले तेव्हा दीड वाजला होता. जेवताना एकच वाक्य बोलले.

"हे मले पहिल्या दिवशी समजाले पाहिजे होतं."

"वाढू का अजून?" सुमित्राबाईंनी विचारलं.

वॉल्व्ह आणायला ते गोंदियाला गेले, एसटीने. सुट्या भागांच्या पहिल्या दुकानात नव्हता. दुसऱ्यात होता, पण वेगळ्या इंजिनाचा. तिसऱ्या दुकानात दुलीचंद नावाच्या माणसाने फळीवरून डबा काढला, त्यावरची धूळ फुंकली, आणि वर सल्लाही दिला.

"चाचा, ये कोई डालता नहीं. सब निकाल देते हैं. बिना इसके मस्त चलती है."

"कहां तक चलती है?"

"मतलब?"

"कोहमारा के आगे गई क्या किसी की?"

दुलीचंदला प्रश्न कळला नाही. त्याने हिरव्या पाण्याचा कॅनही पुढे ठेवला. रेडिएटरमध्ये साधं पाणी घालू नका, हे घाला, म्हणाला. उमरावभाऊंनी कॅन उजेडात धरून पाहिला. पाण्याला रंग कशाला लागतो, हे त्यांना पटत नव्हतं. पण तो तांबडा चिखल त्यांच्या बोटांना अजून आठवत होता. कॅन घेतला.

घरी आल्यावर वॉल्व्ह सरळ गाडीत बसला नाही. आधी तो चुलीवर गेला. उमरावभाऊंनी चहाच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी घेतलं, दोऱ्याला वॉल्व्ह बांधून पाण्यात सोडला आणि खाली जाळ केला. पाणी उकळायच्या थोडं आधी वॉल्व्हमधली पितळेची चकती हळूच वर सरकली. गंज उतरवला, पाणी गार होऊ लागलं, चकती परत बसली. उमरावभाऊंनी पुन्हा गंज चुलीवर ठेवला. मग पुन्हा. दर वेळी नेमकी कोणत्या क्षणी ती हलते हे पाहायला ते वाकायचे, आणि दर वेळी वाफेने डोळे मिटायचे. डोळे उघडेपर्यंत ती उघडलेली असायची.

सातव्या खेपेला सुमित्राबाई दारात आल्या.

"चहा कवा करू मी?"

"थांब ना. हे पाहा, उघडते. पण कवा उघडते ते दिसत नाही."

"उघडते ना?"

"उघडते."

"मंग झालं ना जी. का त्यालेबी पाळी लावून द्याची हाय?"

"चेतनाच्या माय, तुले नाही समजत. तुडुम किती बोटं उघडलं हे पाणकराले माहीत पाहिजे."

"त्या गंजाले आता तेलाचा वास येईल," त्या म्हणाल्या, आणि दुसरा गंज घेऊन गेल्या.

वॉल्व्ह केवळरामने बसवला. उमरावभाऊ शेजारी उभे राहून प्रत्येक बोल्ट मोजत होते. बॅटरीला थेट जोडलेली पंख्याची वायर केवळरामने काढली आणि जागच्या जागी लावली, ते त्यांनी मुकाट पाहिलं. हिरवं पाणी भरलं, बुडबुडे निघेपर्यंत गाडी उभ्या उभ्या चालू ठेवली, आणि मंडईच्या आदल्या दिवशी सकाळी दोघं कोहमाऱ्याला निघाले. दाराशी सुमित्राबाईंनी केवळरामला बजावलं.

"बोनेट उघडलं का नाही, एवढंच पाहून ये."

नवेगावबांध गेलं. जंगल लागलं. उमरावभाऊ रस्ता कमी आणि काटा जास्त पाहत होते. एकदा गाडी रस्त्याच्या कडेच्या मातीत गेली, तेव्हा केवळराम ओरडला.

"भाऊ, समोर पाहा ना! काटा मी पाहतो."

"किती हाय?"

"आधा."

"आधा म्हणजे? आध्याच्या खाली का वर?"

"आधा म्हणजे आधा, भाऊ!"

ते मोहाचं झाड आलं आणि गेलं. कोहमाऱ्याचा चौक आला. वाफ नव्हती. काटा अर्ध्यावर होता, थोडाही हललेला नव्हता. चहाच्या टपरीवरच्या पोराने लांबूनच गाडी ओळखली आणि सवयीने पाण्याची बादली उचलली. मग बादली खाली ठेवली. केवळराम चहा सांगायला गेला. दोन कप घेऊन वळला, तर बोनेट उघडं होतं आणि उमरावभाऊ वरच्या नळीला हात लावून उभे होते.

दोघं परत आले तेव्हा सुमित्राबाई ओसरीतच होत्या. गाडी चालत येऊन उभी राहिली, वाफ नाही, दोर नाही, हे त्यांनी पाहिलं. त्यांनी केवळरामकडे बघितलं. केवळरामने चप्पल शोधायला सुरुवात केली, जी त्याच्या पायातच होती.

"उघडलं," उमरावभाऊच म्हणाले.

"काऊन? वाफ निघाली?"

"नाही."

"काटा चढला?"

"नाही."

"मंग?"

"पाहाले."

"काय पाहाले?"

"वॉल्व्ह उघडला का नाही ते."

"नसता उघडला तर उकळली असती ना गाडी?"

केवळराम खाली मान घालून उभा होता, त्याचे खांदे हलत होते. सुमित्राबाईंनी थोडा विचार केला.

"गाडी सुधरली," त्या म्हणाल्या. "आता तुमचंच राहिलं. उद्या बसते मी. पण मी बसली असताना बोनेट उघडलं, तर तिथेच उतरीन आणि जावयाले फोन करीन. आणि ती पान्ह्यांची थैली घरी राहील."

"रस्त्यात काही झालं तर?"

"थैली संग असताना कोणती खेप गोरेगावले पोचली जी?"

मंडईच्या दिवशी सकाळी आठ वाजता गाडी निघाली. सुमित्राबाईंच्या पायाशी नव्या तांदळाची पिशवी होती. वास्तूच्या दिवशीचंच लुगडं त्यांनी नेसलं होतं, त्या दिवशी घडी मोडली होती तेवढीच. दुधराम वाटेत उभे होते. त्यांनी हात वर केला.

"कोहमाऱ्याले एक चहा माझ्याबी नावाचा प्या!"

उमरावभाऊंनी काच वर केली.

जंगलात शिरल्यावर त्यांनी वेग कमी केला. मागून आलेली एसटी हॉर्न देत पुढे गेली. मोहाच्या झाडाजवळ त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"चाला," सुमित्राबाई म्हणाल्या. त्या झाडाकडे बघत नव्हत्या.

"जरा वास येऊन राहिला."

"तांदळाचा हाय."

"गरम झाल्यासारखा."

"नवा तांदूळ हाय, त्याले वास येतेच. चाला म्हणते ना."

कोहमाऱ्याच्या चौकात टपरीवाल्याने मान वळवून पाहिलं. गाडी थांबली नाही. चौक ओलांडला आणि पुढचा रस्ता लागला. स्वतः गाडी चालवत उमरावभाऊ या रस्त्यावर पहिल्यांदा येत होते. कोणता गतिरोधक कुठे आहे हे माहीत नसल्यामुळे दोन जोरात आपटले. सुमित्राबाईंनी गुडघा धरला. काटा अर्ध्यावर होता. उमरावभाऊंचा चेहरा मात्र काटा लाल रेघेवर असावा तसा होता. गोरेगाव येईपर्यंत त्यावरचा ताण उतरला नाही.

चेतनाचं घर मंडईच्या मैदानापासून दोन गल्ल्या आत आहे. ती धावत बाहेर आली. आईला धरून उतरवू लागली, तर आईने तिचा हात बाजूला केला, दार धरलं, एक पाय आणि मग दुसरा पाय जमिनीवर ठेवला आणि स्वतः उभ्या राहिल्या. घराकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. पाहायला बराच वेळ लावला.

"मोबाइलमध्ये मोठं दिसे," त्या म्हणाल्या.

"आई!"

"चांगलं हाय म्हणते. चाल, आतून दाखव." दोन पायऱ्या चढून त्या वळल्या. "अवो, उतरली मी. आता उघडा काय उघडाचं ते."

उमरावभाऊंनी बोनेट उघडलं. वरची नळी गरम होती, खालची तिच्यापेक्षा कमी. हिरवं पाणी जिथे असायला हवं तिथेच होतं. कुठे थेंब नव्हता. करण्यासारखं काही नव्हतं. ते तरीही तिथेच उभे राहिले. वॉल्व्हच्या गोल घरावर तळहात ठेवायचे, चटका बसला की काढायचे, पुन्हा ठेवायचे.

आतून सुमित्राबाईंचा आवाज येत होता. ही खिडकी इकडे काऊन ठेवली, ओट्याची उंची कोणाच्या मापाने घेतली, न्हाणीचं पाणी कुठे जाते. अश्विन पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले.

"बाबा, आत चला ना. गाडी चांगली आली म्हणे."

"आली."

"मंग आता काय पाहून राहिले?"

उमरावभाऊंनी तांब्या घेतला. अर्धं पाणी प्यायले. उरलेल्या पाण्याने हात धुतले आणि ओला हात पुन्हा वॉल्व्हच्या घरावर ठेवला. चर्र झालं.

"साठ किलोमीटर आलो," ते म्हणाले. "त्यात हे कवा उघडलं, मले समजलंच नाही."